विश्लेषण : एक गाव, तीन पंचांगे... यवतमाळच्या ग्रामपंचायतींना निधी आणि दान वेळेवर का मिळत नाही?

जून उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू गावांत पैशाची चणचण सर्वाधिक असते. बियाणे, खत, मुलांच्या शाळेचा खर्च आणि जुन्या कर्जाचा तगादा, सगळे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. नेमक्या याच वेळी ग्रामपंचायतीच्या खात्यात नव्या आर्थिक वर्षाचा निधी पुरता आलेला नसतो आणि सेवाभावी संस्थांची मदत वह्या-पुस्तकांपलीकडे फारशी जात नाही. मार्चमध्ये मात्र ग्रामपंचायतीत निधी ‘खर्ची टाकण्याची’ धावपळ असते, तर दिवाळीत मदतीची पाकिटे घेऊन गाड्या गावात येतात. तोवर सोयाबीन विकून घरात थोडाफार पैसा आलेलाही असतो. गाव खरिपाच्या पंचांगावर, सरकार एप्रिल ते मार्चच्या पंचांगावर आणि दानशूर सणावारांच्या पंचांगावर चालतात. निधीच्या टंचाईची चर्चा नेहमी होते. या तीन पंचांगांच्या न जुळणाऱ्या तारखांमुळे होणारे नुकसान मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही.

ग्रामपंचायतीचे वर्ष कसे चालते?...

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आणि बाराशेच्या घरात ग्रामपंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता गावोगावी रूढ आहेत. पुढील वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, अर्थसंकल्प डिसेंबर-जानेवारीत तयार होऊन पंचायत समितीकडे जातो आणि ३१ मार्चला वर्ष मिटते.

कागदावर हे चक्र नेटके आहे. पण तारखा शेतीच्या डोळ्यांनी पाहिल्या तर अडचण लगेच दिसते. १ मे म्हणजे विदर्भातले ऊन आणि लग्नसराई. १५ ऑगस्ट म्हणजे निंदण, डवरणी, फवारणीचे दिवस, मजूर मिळवण्यासाठी पहाटेपासून धावाधाव. २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणीवर आलेले असते. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. दीड-दोन हजार मतदारांच्या गावात १०० माणसे जमवणे अवघड नाही, असे शहरात बसून वाटते. प्रत्यक्षात सभा तहकूब होते, पुढची सभा गणपूर्तीशिवाय चालते आणि इतिवृत्तावर सह्या मागाहून घराघरांतून गोळा होतात. ग्रामसभेत जे बोलले जात नाही ते पोळ्याच्या तोरणाखाली झडत्यांमध्ये मात्र खणखणीत ऐकू येते. सावकार, पुढारी, कापसाचा भाव, कोणीच सुटत नाही. गावाला बोलायचे नसते असे नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

२०२५ च्या पावसाळ्यात यात आणखी भर पडली. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने जिल्ह्यातील पिकांचे मोठे नुकसान झाले. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज राज्यासाठी जाहीर केले. पीक नुकसानीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून करायचे असतात. ग्रामसेवकाचे पदनाम २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले, तरी माणूस तोच आणि बऱ्याचदा त्याच्याकडे एकाहून अधिक गावांचा प्रभार. ज्या आठवड्यांत पुढच्या वर्षाचा आराखडा गावासोबत बसून करायचा, त्याच आठवड्यांत तो चिखलातून शेत मोजत फिरत असतो. मग आराखडा गेल्या वर्षीच्या आराखड्यावरून ‘तयार’ होतो. याला कामचुकारपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

पैसा येतो कुठून, आणि कधी?...

ग्रामपंचायतीचे मुख्य स्रोत दोन. पहिला, वित्त आयोगाचे अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा. राज्यात या निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, तर प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला ठरला. यातील ६० टक्के रक्कम ‘बंधित’, म्हणजे निम्मी पाणीपुरवठ्यावर आणि निम्मी स्वच्छतेवरच खर्च करायची. उरलेले ४० टक्के अबंधित. गावात नाली आधीच झालेली असेल आणि स्मशानभूमीला शेड नसेल, तरी बंधित पैसा शेडवर लावता येत नाही. म्हणून एकाच गल्लीत तिसऱ्यांदा नाली होताना दिसते, त्यावर विनोदही होतात. दोष दरवेळी सरपंचाचा नसतो. शिवाय पाणीपुरवठा आणि पथदिव्यांची थकीत वीजबिले याच निधीतून भरण्याची मुभा २०२१ मध्ये दिली गेली, आणि ‘मुभा’ हा शब्द लवकरच ‘सक्ती’सारखा वाटू लागला.

दुसरा स्रोत स्वनिधी. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. इथे तारखांचा घोळ सर्वांत ठळक आहे. करवसुलीची मोहीम जोर धरते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. लोकअदालतीच्या नोटिसाही तेव्हाच निघतात. परंतु कापूस उत्पादकाच्या हातात पैसा असतो तो दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. सीतादही होऊन पहिला वेचा घरात आला, तो विकला, की उधारीवाले दारात उभे राहतात. दुकानदार, कृषी केंद्र, बचत गटाचा हप्ता असे सगळ्यांचे वाटे निघाल्यावर मार्चमध्ये ग्रामपंचायतीचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन पोहोचतो. तोवर कोठा रिकामा. सावकाराला कळते ते पंचायतराज व्यवस्थेला कळू नये, हे आश्चर्यच आहे. वसुलीची मोहीम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, ग्रामपंचायतीने ठरवले तरी पुरते.

वसुलीचा संबंध थेट सरपंचाच्या मानधनाशीही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मानधन दुप्पट झाले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला दरमहा सहा हजार रुपये मिळतात, तर आठ हजारांवरील गावात दहा हजार. अधिकार आणि जबाबदारी पाहता ही रक्कम आजही तुटपुंजी आहे. गावातला एक रुग्ण यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा म्हटले तर गाडीभाडे सरपंचाच्याच खिशातून जाते. ते दान की लोकसेवा, हे कोणत्या लेखाशीर्षाखाली लिहायचे?

स्वनिधीतील ५ टक्क्यांचे काय होते?...

ग्रामपंचायतीने स्वत:च्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ही तरतूद म्हणजे कायद्याने लिहून दिलेला गावाचा आधार आहे. आणि तिचीच अवस्था सर्वांत दयनीय आहे.

हिशेब करून पाहू. समजा, एका गावाची कराची मागणी चार लाख रुपये आणि वसुली निम्मी, म्हणजे दोन लाख. दिव्यांगांसाठी निघाले १० हजार. गावात २५ दिव्यांग असतील तर माणशी ४०० रुपये. मार्चअखेर हे ४०० रुपये बँक खात्यात किंवा एखाद्या वस्तूच्या रूपाने वाटले जातात, फोटो काढला जातो, खर्च पूर्ण. ४०० रुपयांत कुबडीसुद्धा येत नाही. तेच १० हजार रुपये वर्षाच्या सुरुवातीला ठरवून एका माणसाच्या तीनचाकी सायकलच्या दुरुस्तीवर, दुसऱ्याच्या घरासमोरच्या उतारावर, तिसऱ्याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयातल्या चार फेऱ्यांवर लावले तर त्यांचा उपयोग होईल. पण तसे करायचे तर ‘मलाच का नाही’ या प्रश्नाला ग्रामसभेत तोंड द्यावे लागते. सरसकट वाटप सोयीचे असते ते यामुळेच.

आणखी एक बाब. वसुली कमी म्हणून कल्याणनिधी कमी, आणि वसुली कमी असते ती गाव गरीब असते म्हणून. म्हणजे ज्या गावात मदतीची गरज जास्त, तिथेच कायद्याने मिळणारी मदत सर्वांत थोडी. या ठिकाणी राज्याने किमान रकमेची हमी द्यायला हवी होती. ती नाही. ती पोकळी दानाने भरावी अशी अपेक्षा धरली जाते, उघड कोणी म्हणत नसले तरी.

दानाचे पंचांग वेगळे का?...

यवतमाळला सेवेची परंपरा नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या विचाराने चालणारी गुरुदेव सेवा मंडळे गावोगावी आहेत. सकाळी हातात झाडू, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. या कामाला लेखापरीक्षक लागत नाही आणि गावाबाहेरच्या दात्याची वाटही पाहावी लागत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर झाल्यानंतर बाहेरून येणारी मदत वाढली. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनयात्रा संपवली. ते गावाचे सरपंचही राहिले होते. किसानपुत्र आंदोलनाच्या आवाहनावरून २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग केला जातो. सरकारी कार्यालयांत त्या वेळी मार्चअखेरची लगबग असते.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाला सरकारी मदत एक लाख रुपये, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. ही रक्कम २००६ पासून बदललेली नाही. त्या काळातील एक लाख आणि आजचे एक लाख यांतला फरक सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. शिवाय प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या संस्थेचे, वसुलीचा तगादा होता का, अशा चाळणीतून जाताना अनेक कुटुंबे बाहेर पडतात. पतीच्या पश्चात सातबारावर नाव चढवण्यापासून महिलेची लढाई सुरू होते. या टप्प्यावर स्वयंसेवी संस्था उपयोगी पडतात. वारसाची नोंद, निराधार योजनेचा अर्ज, मुलांचे वसतिगृह अशी न दिसणारी, फोटो न निघणारी कामे त्यांनी जिल्ह्यात केली आहेत आणि करत आहेत. दीर्घकाळ टिकलेली मदत याच प्रकारची आहे.

बहुतांश देणगी मात्र दात्याच्या सवडीने येते. जून-जुलैत वह्या, दिवाळीत फराळ आणि साड्या, हिवाळ्यात ब्लँकेट आणि नेत्रतपासणी शिबिरे, उन्हाळ्यात सामूहिक विवाह. यातील कोणतीच गोष्ट वाईट नाही. सामूहिक विवाहाने तर अनेक बापांचे कर्ज वाचवले आहे. राज्याच्या शुभमंगल योजनेत जोडप्यामागे अनुदानही मिळते, २०२३ मध्ये ते १० हजारांवरून २५ हजार झाले. पण जूनमध्ये बियाण्यासाठी पाच हजार कमी पडतात तेव्हा गावात ना संस्था असते ना योजना. तिथे खासगी सावकार असतो, आणि तो रात्री दहालाही दार उघडतो.

ही उणीव सरकारला एकदा नेमकी सापडली होती. २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांसाठी ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. अडचणीतल्या कुटुंबाला गावपातळीवरील समितीने तातडीने छोटी मदत करावी, ही त्यातील एक कल्पना. रक्कम लहान, निर्णय गावातच. अभियानावर टीका झाली, वाटपाच्या पद्धतीवरही आक्षेप आले आणि पुढे त्याचा जोर ओसरला. टीकेचा विषय झालेल्या कीर्तन, पथनाट्यांवरील खर्चासोबत ही चांगली कल्पनाही बाजूला पडली. दुरुस्त करण्याजोगी गोष्ट टाकून देण्याची घाई झाली, असेच म्हणावे लागेल.

सीएसआर जिल्ह्यात सगळीकडे पोहोचतो का?...

नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि कायदा कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगतो. यवतमाळचे मोठे उद्योग पूर्वेकडे एकवटले आहेत. वणी परिसरात कोळशाच्या खाणी, झरी-जामणीत मुकुटबनला सिमेंट प्रकल्प. तिथल्या गावांना धूळही मिळते आणि शाळेला संगणकही मिळतात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरखेड, महागाव, आर्णीकडच्या तांड्या-वाड्यांना ना धूळ ना संगणक. तिथे सरपंच ‘सीएसआर आणा’ हे वाक्य कार्यशाळेत ऐकतो आणि परत येतो.

आदिवासीबहुल भागाची गोष्ट थोडी निराळी. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांच्या काही भागांत पेसा कायदा लागू आहे. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागला. इथे ग्रामसभेला खर्च ठरवण्याचा खरा अधिकार आहे. कोलाम, गोंड पोडांवरील ग्रामसभांना हा अधिकार वापरता यावा म्हणून हिशेब लिहिण्याचे साधे प्रशिक्षण देणे, हे शंभर ब्लँकेटांपेक्षा मोठे दान ठरेल.

अभियानात दानालाही गुण?...

१७ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले. तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसे असून राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला पाच कोटी रुपये आहेत. १०० गुणांच्या मूल्यमापनात सुशासन, जलसमृद्धी, उपजीविका यांच्यासोबत स्वनिधी, सीएसआर आणि लोकवर्गणी यांनाही स्थान आहे. श्रमदानालाही आहे.

स्पर्धेने गावे हलतात, हे मान्य करावे लागेल. २०००-०१ च्या गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने ते दाखवले, पुढे पाणी फाउंडेशनच्या ४५ दिवसांच्या वॉटर कप स्पर्धेनेही. विदर्भातल्या भर उन्हात पहाटे फावडे घेऊन निघालेली माणसे बक्षिसासाठीच निघाली होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे. पण लोकवर्गणीला गुण देणे म्हणजे ज्या गावाच्या खिशात आधीच काही आहे त्याला पुढे ठेवणे. ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेले त्याच वर्षी वर्गणी गोळा करून गुण मिळवा, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? जलजीवन मिशनमध्ये तरी गावाचा ५ किंवा १० टक्के वाटा रोख नसेल तर श्रमाने देण्याची सोय होती. अभियानात वर्गणीचे गुण गावाच्या ऐपतीच्या प्रमाणात मोजले असते, तर काटोड्यावरचा तांडा आणि बाजारपेठेचे गाव एका रेषेवर उभे राहिले असते.

वरचा मजला रिकामा का?...

महाराष्ट्रातील पंचायतराजचा पाया ज्या समितीने घातला तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातील गहुलीचे. जून १९६० मध्ये समिती नेमली गेली, मार्च १९६१ मध्ये अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा परिषद हा व्यवस्थेचा कणा असावा, हा त्या अहवालाचा आग्रह. त्यांच्याच जिल्ह्यातील परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयीन तारखा, कारणे सर्वांना पाठ आहेत. परिणाम मात्र गावाला भोगावा लागतो. लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून वित्त आयोगाचा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा अडतो. शिक्षक नाही, आरोग्य उपकेंद्रात औषध नाही, अशी तक्रार घेऊन जायला गटाचा सदस्य नाही. मग सरपंच आमदारांकडे जातो किंवा एखाद्या ट्रस्टकडे. हक्काचा अर्ज विनंतीपत्र होतो तो इथे. शाळेचे गळते छत जिल्हा परिषदेची जबाबदारी असताना त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा होते, आणि छत दुरुस्त झाल्यावर जबाबदारी कोणाची होती हेही विसरले जाते.

मग काय करता येईल?...

तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणत्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर पाहता येतो. पण ट्रस्टने वाटलेल्या वह्या किंवा कंपनीने दिलेला शुद्ध पाण्याचा संच तिथे दिसत नाही. ट्रस्टचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, तो संस्थेनुसार. कंपनीचा हिशेब तिच्या वार्षिक अहवालात. गावानुसार बेरीज कोणाकडेच नाही. त्यामुळे एका गावात दोन जलशुद्धीकरण संच बंद पडून आहेत आणि शेजारच्या गावात एकही नाही, असे चित्र निर्माण होऊ शकते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वर्षभरात गावात आलेल्या दानाची एक पानी यादी वाचली जावी. कोणी दिले, काय दिले, आज ते चालू आहे का, एवढ्या तीन रकान्यांची. त्याच सभेत जूनसाठी काय लागणार याची दुसरी यादी करून ती देणाऱ्यांना आधीच पाठवावी. दाते वाईट नसतात, त्यांना बहुतेकदा कोणी विचारलेले नसते.

याला मुहूर्तही जवळ आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील १४ हजार २३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, त्यांत यवतमाळच्या ९८० होत्या. त्यांची पाच वर्षे २०२६ च्या सुरुवातीला भरतात. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधीही ३१ मार्च २०२६ ला संपतो. मावळते सदस्य दप्तर सोपवताना नमुना ८ ची नोंदवही, कॅशबुक, पावतीपुस्तके आणि शिक्के देतील. कोणत्या संस्थेने हातपंप दिला होता, कोणत्या विधवा महिलेचा वारस नोंदीचा अर्ज तहसीलमध्ये अडकला आहे, कोणत्या दिव्यांग मुलाला सायकल कबूल केली होती, हे त्या दप्तरात नसते. ते सरपंचाच्या डायरीत असते, आणि डायरी घरी जाते.